वाकणारी चिनीमाती

माझा धाकटा भाऊ अग्निशमन दलात आहे, आणि गेल्या वर्षापासून तो घरातला गॅससुद्धा पेटवत नाही. एका गोदामाच्या आगीत त्याच्या कोटाचं अस्तर आतून तापलं आणि उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत भाजला. कातडी भरून आली, धास्ती मात्र गेली नाही. चहा हवा असला की ओट्यापासून चार हात लांब उभा राहतो आणि म्हणतो, "ताई, जरा पेटवतेस?" हसावं की रडावं कळत नाही. सोमवारी त्याला साहेबांना सांगायचं होतं: पुन्हा बंबावर जायचं, की कायमचं टेलिफोनवर बसायचं. आईचं म्हणणं, टेलिफोनवर बसला तर देव पावला.

त्याने कुठेही बसलेलं मला चाललं असतं, पण घाबरून बसलेलं चालणार नव्हतं. म्हणून शनिवारी त्याला ओढतच माझ्या प्रयोगशाळेत नेलं.

माझं काम सांगायला लागले की लोक जांभया देतात, म्हणून मी सांगत नाही, दाखवते. काचेच्या पेटीत एक सुई. सुईत पाकासारखं दाट द्रावण: विरघळलेले धातूंचे क्षार आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ. समोर फिरता रूळ. विजेचा दाब वाढवला की सुईच्या टोकावरचा थेंब निमुळता होतो आणि त्यातून धागा सुटतो. तो दिसत नाही. एका केसाचे उभे शेकडो भाग करावेत इतका बारीक. दिसतं ते एवढंच, की काळ्या रुळावर काहीतरी पांढुरकं धरायला लागलंय, थंडीत काचेवर श्वासाची वाफ धरते तसं.

"हे येतंय कुठून?" भाऊ काचेला नाक लावून म्हणाला.

"सुईतून."

"थापा मारू नकोस. मध्ये तर काहीच नाही."

मी हे रोज बघते. तरी खरं सांगते, मलाही रोज वाटतं की मध्ये काहीच नाही, आणि अंगावर काटा येतो.

मग रुळावर साचलेलं ते तलम कापड सोलून भट्टीत जातं. चिकट पदार्थ जळून जातो आणि मागे उरतं धातूचं ऑक्साइड, म्हणजे चहाच्या बशीच्याच जातीतलं. इथे घाई चालत नाही, आणि माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. सुरुवातीला मी भट्टी भराभर तापवायचे आणि दार उघडून पांढरा भुगा झाडत बसायचे. दमानं तापवलं तर कापड आक्रसून निम्मं होतं, पण अखंड राहतं. असे थरावर थर रचून केलेला एक तुकडा मी भावाच्या हातात ठेवला. बोटभर जाड, तळहातापेक्षा थोडा मोठा.

"ह्याला वजन कुठंय?"

"दुमड."

"मोडेल ना!"

"दुमड रे बाबा!"

त्याने दुमडला, सोडला. तुकडा हळूच उलगडला, काही घडलंच नाही असा. भाजलेली चिनीमाती, आणि वाकते! त्याने पुन्हा दुमडला, पुन्हा सोडला. त्याच्या तोंडाचा आ मिटेचना.

मी तुकडा डाव्या तळव्यावर घेतला आणि बर्नर भावापुढे धरला. "पेटव. आणि ज्योत बरोबर मध्ये धर."

तो दोन पावलं मागे गेला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"हात माझा आहे. तुझं काय जातंय?"

हे नियमात बसत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना कळलं असतं तर माझी सालटी काढली असती. पण माझा हात पुढे असताना तो पळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोनदा त्याच्या हातून बर्नर विझला. तिसऱ्यांदा निळी ज्योत तुकड्यावर टेकली आणि वरचा थर लालभडक झाला.

"भाजतंय?"

"नाही."

"खरं सांग, ताई!"

"नाही रे, शपथ! कोणी हात हातात घ्यावा एवढीच ऊब आहे."

तो ज्योतीकडे नाही, माझ्या तळव्याकडे बघत होता. मग त्याने आपल्या मोकळ्या हाताची बोटं माझ्या हाताशेजारी तुकड्याखाली सरकवली. वर निखारा, खाली आम्ही दोघं भावंडं. पेटता बर्नर आपल्याच हातात आहे हे तो पार विसरला होता. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं.

त्याने बर्नर बंद केला. "हे आमच्या कोटात कधी येणार?"

खोटं बोलायचं जिवावर आलं. "एवढाच तुकडा करता येतोय अजून. कोट व्हायला, तपासण्या व्हायला वर्षं जातील."

"आणि तोवर?"

"तोवर जुनंच अस्तर."

त्याने बर्नर जागेवर ठेवला. "बरं. सोमवारी बंबावर जातो म्हणून सांगतो."

त्याची धास्ती जावी म्हणून धडपडले होते. ती गेल्यावर तो कुठे जाईल याचा विचारच केला नव्हता. मी कडाडले, "बहिरा आहेस का? जुनंच अस्तर म्हटलं ना मी!"

"ऐकलं की. पण आत अडकलेला माणूस तुझं कापड तयार होईपर्यंत थांबेल का, ताई?"

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्यालाच धरून रडले.