कोळशाची मावशी

कोळसा जिंकला की छाती ठोकतो. समोर कोणीही आडवं पडलेलं असो, तो दोन्ही मुठींनी छातीवर तीन ठोके देतो आणि पडदा काळा होतो. पण समोर वावटळ नावाची लढवय्यी पडलेली असेल, तर मात्र तो छाती ठोकत नाही. हातमोजा काढतो, तिच्याकडे पाठ करतो आणि तसाच उभा राहतो.

का?

या एका 'का'वर आमचा ग्रुप तीन वर्षं जगतोय. 'आठवी घंटा' हा मारामारीचा व्हिडिओ गेम. त्यात सोळा लढवय्ये आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला चरित्र म्हणून जेमतेम तीन ओळी. कोळशाच्या अशा : 'खाणीत वाढला. जवळचं माणूस गमावलं. क्षमा करत नाही.' संपलं! कंपनी हात झटकून मोकळी झाली, पुढचं निस्तरायला आम्ही.

निस्तरायची जागा म्हणजे शिंपीकाकांच्या दुकानाची मागची खोली. रविवारी दुपारी एकला दुकान बंद झालं की कापडाचे तागे भिंतीला सरकवायचे, इस्त्रीच्या टेबलावर टीव्ही ठेवायचा आणि भांडायचं. काका पन्नाशीचे आहेत. खेळतानाही त्यांच्या गळ्यातली टेप निघत नाही. नर्सताई ड्यूटी संपवून थेट येते आणि पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही. आणि माझा दादा. तो सगळ्यांना हरवतो, पण कथेत त्याला काडीचा रस नाही.

"बटणं दाब ना," तो मला म्हणतो. "कोळशाचं घराणं कशाला काढतेस? लग्न ठरवायचंय का त्याच्याशी?"

मला इथे 'वकील' म्हणतात. शाळेत मी इतकी गप्प असायचे, की बाईंनी दोनदा मला वर्गात बसलेली असताना गैरहजर लावलं होतं आणि मी तेही सांगितलं नव्हतं. इथे मात्र मी बोलायला लागले की दादासुद्धा खेळ थांबवतो. शिवाय मी ग्रुपची इतिहासप्रमुख. इंटरनेटवर आमचं चाहत्यांचं पान आहे, चारेकशे लोक ते वाचतात, आणि त्यावर कोणाचा बाप कोण हे शेवटी मी ठरवते. ठरवायचे, म्हणजे.

हे पद मला कसं मिळालं, ते आता सांगूनच टाकते. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. कोळशाच्या पानावर रकाने होते : उंची, वजन, हत्यार, नातेवाईक. 'नातेवाईक' रिकामा. मला रिकामा रकाना बघवत नाही. मी लिहिलं, 'मावशी. वावटळीची आई. कोळशाला हिनेच वाढवलं.' मग कळलं की आधाराचाही रकाना आहे. गेमच्या पहिल्या आवृत्तीबरोबर खोक्यात एक पुस्तिका यायची असं ऐकलं होतं, आणि ती कोणाकडेच नव्हती. म्हणून लिहिलं, 'पुस्तिका, पान १२.' बाराच का? अकरा खोटं वाटत होतं.

झालं! कोळसा आणि वावटळ एका रात्रीत मावसभावंडं झाली. ज्या मुलीबरोबर एका घरात वाढलो तिलाच आडवं केल्यावर कोण छाती ठोकेल? मोज्याचं कोडं सुटलं. पुढच्या रविवारी काकांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.

मावशी मग वाढतच गेली. कोणी विचारलं, ती कुठल्या हाताने काम करायची? मी म्हटलं, डाव्या. चालायची कशी? जरा लंगडत. घालायची काय? लांब कोट, भरपूर खिशांचा, हे काकांनी ठरवलं. खाणीजवळ राहणाऱ्या बाईला खोकला असणारच, असं निदान नर्सताईने केलं. एकाने पानावर लिहिलं की मावशीने पोटच्या मुलीला झुकतं माप दिलं. त्याला महिनाभर हाकललं. मीच हाकललं. माझ्याच थापेची बदनामी करतो म्हणजे काय!

आता काकू. काकांची बायको, दुकानातली काज-बटणं तीच करते. आम्ही वेडे आहोत हे मत ती आमच्यासमोरच सांगायची. एकदा टीव्हीकडे बघून म्हणाली, "या बायकांचं माप घ्यायचं तरी कुठे? कापड कुठाय अंगावर?" पण मावशीचा विषय निघाला की पुढच्या दुकानातली तिची कात्री थांबायची. एका रविवारी ती दारात येऊन उभी राहिली.

"ती एवढी खोकत होती, तर धुणं कोण धूत होतं?"

तीन वर्षांत हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"कोळसाच धुवत असणार," काकू म्हणाली. "म्हणून तर त्याचे हात एवढे दणकट." आणि ती आत येऊन बसली ती बसलीच.

या वर्षी चाहत्यांच्या मेळाव्यात वेषभूषेची स्पर्धा होती. काकांनी मावशीचा कोट शिवायला घेतला. घालणार कोण? काकू! वीस वर्षांत नवऱ्याबरोबर कुठल्या कार्यक्रमाला न गेलेली काकू स्टेजवर चढायला तयार झाली. "माझ्या वयाची आहे आणि अंगभर कपडे घालते," ती म्हणाली, "मला काय अडचण?" काका तीन महिने खपले. जाड करडं कापड, अकरा खिसे, आणि मावशी डावखुरी म्हणून बटणपट्टी उलट्या बाजूला. काकू दुकानातून स्वयंपाकघरात लंगडत जायची सवय करत होती. गिऱ्हाइकं विचारायची, गुडघा दुखतोय का? "गुडघा ठीक आहे," काकू सांगायची. "मावशी आहे."

मेळाव्याच्या दहा दिवस आधी काकांचा फोन आला.

"वकील, फॉर्म आलाय. पात्र गेममधलं असल्याचा पुरावा जोडायचाय म्हणे. ते पान बारा तेवढं आण गं. झेरॉक्स चालेल."

माझी पाचावर धारण बसली. पण मी इतिहासप्रमुख, हात पाय गाळून कसं चालेल? पान बारा नाही ना? मग करू! मी कॉम्प्युटरवर झकास पान तयार केलं, छापलं आणि बशीत चहा ओतून त्यात बुडवलं.

दादा दारात. "काय करतेस?"

"जुनं करतेय."

त्याने ओला कागद चिमटीत उचलून वाचला. "ही आपल्या गेमची पुस्तिका? होती की माझ्याकडे. आठ पानांची. त्यात दोन पानं जाहिराती."

"आठ?"

"आठ. वायर कुठे खुपसायची तेच लिहिलं होतं सगळं."

"आणि तू तीन वर्षं बोलला नाहीस?"

"मला विचारलं कोणी? मी काय तुमचं ते पान वाचतो?"

मी त्याच्या चिमटीतून कागद ओढला आणि चहात भिजलेली मावशी माझ्या हातात फाटली.

त्या रविवारी मी ठरवूनच गेले. काकू कोट घालून आरशासमोर उभी होती, काका गुडघ्यांवर बसून खालची पट्टी बघत होते, तोंडात टाचण्या. आता नाही बोलले तर मेळाव्यात या बाईला सगळ्यांसमोर नोंदणीच्या टेबलावरून परत पाठवतील, आणि माझ्यामुळे.

"मावशी खोटी आहे," मी म्हटलं.

"कोणाची?" नर्सताईने विचारलं.

"कोळशाची. मी रचली. पुस्तिकेत पान बारा नाहीच आहे."

नर्सताईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. पुरावा?"

"थापेचा कसला पुरावा देऊ?"

"हे बघ, तेव्हा तू तेरा वर्षांची. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं सुचतं होय? कुठेतरी वाचलं असशील आणि विसरली असशील. होतं असं. आमच्याकडे पेशंट येतात."

"ताई, ही जन्मजात थापाडी आहे," दादा म्हणाला. "मी लिहून देतो."

"तू गप्प बस रे. तुला कथेतलं काय कळतं?"

चर्चा झाली. ठराव झाला. पानावरचं काहीही पुराव्याशिवाय खोडायचं नाही, हा नियम मीच केला होता, आणि मी पुराव्याशिवाय आख्खी मावशी खोडायला निघाले होते. म्हणून मला इतिहासप्रमुख पदावरून काढण्यात आलं. एकमताने. मी स्वतः हात वर केला. नियम म्हणजे नियम.

काकांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "डावखुरी? तेही तुझंच?"

"हो, काका."

"मी ती बटणपट्टी दोनदा उसवली गं."

त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. काकूने कोट उतरवला, बाह्या आत घेऊन नीट घडी घातली, टेबलावर ठेवला आणि पुढच्या दुकानात जाऊन ती काजं करायला बसली. मी मागोमाग गेले.

"तो खोकला कोणाचा?" मान वर न करता तिने विचारलं.

"नर्सताईचा."

"कोट?"

"काकांचा."

"धुणं?"

"ते तुमचं, काकू."

"मग तुझं राहिलं काय?"

"लंगडणं. आणि डावा हात."

"तो डावा हात मला अजून जमत नाहीये," ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. "तीन महिने लंगडतेय मी. आता गुडघा खरंच दुखायला लागलाय. खोटी असो नाहीतर खरी, मी जाणार. काय म्हणतील ते मला म्हणू देत."

मेळावा एका मोठ्या सभागृहात होता. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने यादीवरून बोट फिरवलं. "मावशी? अशी कोणी गेममध्ये नाही. पुरावा नसेल तर 'स्वतः रचलेलं पात्र' या गटात भरा."

"रचलेलं?" नर्सताई उसळली. "अहो, आमची मावशी आहे ती!"

"तुमची असेल हो ताई. गेमची नाही."

काकूने फॉर्म ओढला आणि माझ्या हातात पेन दिलं. "लिही."

'पात्र कोणी रचलं?' यापुढे एकच ओळ होती. मी आम्हा चौघांना बारीक अक्षरांत त्यात कोंबलं. नर्सताई आधी तयारच होईना. मग म्हणाली, "माझं नाव खोकल्यापुरतंच घाल."

स्टेजवर काकू एकटी गेली. डावा हात खिशात होता, तो न जमल्याचं कोणाला कळलं नाही. मध्यावर ती थांबली, खोकली, आणि डोळ्यांवर हात धरून समोरच्या गर्दीत बघू लागली, कोणीतरी घरी यायला उशीर केलाय अशी. सभागृहात कोळशाच्या वेषातली सात पोरं होती, तोंडाला काळं फासलेली. त्यातलं एक उठून उभं राहिलं. मग दुसरं. मग सातही कोळसे माना खाली घालून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. काकूने त्यांना हाताने बसायची खूण केली, आणि टाळ्या अशा पडल्या की दादासुद्धा म्हणाला, "च्यायला."

तासाभराने गुणपत्रिका आली. शिवण : दहापैकी दहा. चाल : नऊ. नवेपणा : एक. खाली शेरा : 'पात्र स्वतः रचलेलं वाटत नाही. ही कोळशाची मावशी सर्वांच्या परिचयाची आहे.'

मी तडक परीक्षकांकडे गेले. "सर, तुमच्याच टेबलावर सांगितलं, ही गेममध्ये नाही!"

"ते नोंदणीचं टेबल. आम्ही परीक्षण करतो." परीक्षक मायेने हसले. "बाळ, मी तीन वर्षं ते पान नियमाने वाचतो. या बाईचा इतिहास मला तोंडपाठ आहे."

"तो मी लिहिलाय!"

"असं म्हणणारी आज तू तिसरी."

मी परत आले. काका गुणपत्रिकेतला 'दहा' पुन्हा पुन्हा बघत होते, बाकीचे आकडे त्यांच्या गावीही नव्हते. नर्सताईचा चेहरा विजयी होता. तिच्या मते आता परीक्षकांनीच निकाल दिला होता की मावशी खरी आहे. काकू कोट न काढता खुर्चीत बसून बूट काढत होती, आणि दोन कोळसे तिच्याबरोबर फोटो काढायला रांगेत उभे होते.

"काकू, सॉरी," मी म्हटलं. "नंबर नाही आला."

"नाही तर नाही." तिने पाय चोळले, एका कोळशाला जवळ ओढून त्याचं नाक, पदर नव्हता म्हणून कोटाच्या बाहीने पुसलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पण पुढच्या वेळी रचशील ना, तर एखादी बसून लढणारी बाई रच."