पडवीतला भागाकार

माझे सासरे त्रिंबकराव शाळेच्या पडवीत बसून शिकले. त्यांचे चिरंजीव माणिकराव, म्हणजे माझे पती, वर्गात बसले. पण शेवटच्या ओळीत, भिंतीला पाठ लावून. आमचा मुलगा जीवन पहिल्या बाकावर बसला. पडवीपासून फळ्यापर्यंतचे अंतर ते केवढेसे, पण ते कापायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या. जीवनची मुलगी आरोही जन्मली, तेव्हा हे अंतर एकदाचे संपले अशी माझी समजूत होती.

ती समजूत जानेवारीतल्या एका सकाळी मोडली.

आरोही पाचवीत आहे. तिची आई अंजली उपकेंद्रात परिचारिका आहे आणि जीवन पाटबंधारे खात्यात. दोघेही लवकर घर सोडतात, त्यामुळे आरोहीची वेणी आणि डबा माझ्याकडे असतो. वेणी घालता घालता ती अगदी सहज म्हणाली, "आज्जी, एखादं जुनं बस्कर हाय का?"

"बस्कर कशाला? वर्गात बाक नाहीत का?"

"हायेत की."

"मग?"

"फरशी लई गार लागती."

मी वेणी अर्धी सोडून तिला माझ्याकडे वळवले. थोडे दरडावल्यावर सारे बाहेर आले. गणिताच्या तासाला सर तिला पडवीत बसवत होते. ती भागाकार मोठ्याने बोलत करते, त्याचा वर्गाला त्रास होतो; तेव्हा बाहेर बसून काय बोलायचे ते बोल, असा त्यांचा हुकूम होता.

राहिलेली वेणी मी रागाने इतकी आवळली की ती ओरडली. 

ज्यांच्या घरात पडवी म्हणजे फक्त सावलीची जागा असते, त्यांना हे कळायचे नाही, म्हणून सांगते. निजामाच्या अमलात आमच्या गावात मराठी शाळा होती, आणि तिच्या उंबऱ्याच्या आत आमच्या लोकांना मज्जाव होता. त्रिंबकराव पोते अंथरून पडवीत बसत. पाढे पडवीत बसूनही येतात. वर्ग घोकतो, बाहेरचा ऐकतो. असे ऐकून ऐकून त्यांना तिसापर्यंतचे पाढे आले, पावकी, निमकी, पाऊणकी आली. भिंतीने आवाज अडवला नाही. परंतु भागाकार हा कानाचा विषय नव्हे. तो फळ्यावर एकेक पायरी खाली उतरत जातो. कोणता आकडा खाली घेतला, कशातून काय वजा केले, हे डोळ्यांनी पाहावे लागते. आणि पडवीतून फळा दिसत नसे. गुणाकारात साऱ्या वर्गाच्या पुढे असलेला हा मुलगा भागाकारापाशी येऊन अडला.

त्या वर्गात छबुबाई नावाची पाटलांची मुलगी होती. भावांच्या सोबतीने शाळेत येणारी गावातली ती एकटीच. एके दिवशी फळ्यापुढे उभी राहून तिने भागाकार मोठ्याने बोलायला सुरुवात केली. "सातात तीन दोनदा, सहा गेले, उरला एक, आता चार खाली घे." मास्तरांनी छडी उगारली. तेव्हा ती म्हणाली, तोंड मिटून मला येतच न्हाई. मास्तर मारीत राहिले, ती बोलत राहिली, आणि पडवीतला मुलगा धुळीत बोटाने तो भागाकार उतरवून घेत राहिला.

त्या भागाकाराच्या बळावर त्रिंबकराव पुढे गेवराईच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर लागले. पहिल्या कमाईचे लुगडे घेऊन ते छबुबाईंच्या दारी गेले. तोवर छबुबाईंचे लग्न होऊन त्यांना गावातच दिलेले होते. त्यांनी लुगडे परत केले. म्हणाल्या, "उसनं पीठ पिठानंच फेडतेत, त्रिंबक. लुगड्यानं न्हाई." मी या घरात सून म्हणून आले, त्याच वर्षी सासूबाईंनी हे मला सांगितले, आणि बजावले की हे देणे अजून फिटलेले नाही. आमच्या घरात तेव्हापासून भागाकार बोलून करतात. माणिकराव शेवटपर्यंत तसाच करीत. जीवन आजही ओठ हलवतो.

आता अशा घरातल्या मुलीला बोलण्यावरून पडवीत बसवले, तर मी काय करावे अशी अपेक्षा होती?

बुद्धवंदनेला आणि सभेला नेसते ती पांढरी साडी मी नेसले, बस्कर काखेत घेतले आणि आरोहीच्या बरोबरीने शाळेत गेले. गणिताचा तास सुरू झाला. आरोही मुकाट्याने पडवीत आली. मी बस्कर अंथरले आणि तिच्या शेजारी बसले.

अभिमन्यू सर खडू हातात घेऊन दाराशी आले. तरुण माणूस, धर्मापुरीकडचा, गेल्या वर्षीच आमच्याकडे बदलून आलेला. मी गेवराईला मुलींच्या शाळेत मराठी शिकवीत असे, हे त्यांना माहीत होते.

"बाई, तुम्ही खाली कशाला बसलात? खुर्ची आणतो."

"खुर्ची आत आहे ना? ती आतच राहू द्या. या घराण्याची बैठक इथे ठरलेली दिसते."

"तसं नाही हो, बाई. ही मोठ्यानं बोलते."

"वर्गात बोलणारी ही एकटीच आहे?"

"चाचणीत पण बोलते. फळ्यावर गणितं लिहून दिली, तर ही आधी गणित वाचते, मग अख्खं सोडवते, सगळं तोंडानं. हिच्या पुढच्या बाकावरची संस्कृती तेच उतरवते. दोघींचे पेपर सारखे आले. बरोबर आलेलं सोडा, चुकलेलं पण सारखं. शून्य पूर्णांक सहा गुणिले शून्य पूर्णांक सात, दोघींचंही उत्तर चार पूर्णांक दोन. टिंब एकाच जागी चुकलं. आता याला मी काय म्हणू?"

"कॉपी म्हणा. माझी काही हरकत नाही. पण मग मला एवढेच सांगा, सर, की ऐकणारी आत आणि बोलणारी बाहेर, हा न्याय कोणत्या पुस्तकातला?"

सरांनी खडू या हातातून त्या हातात घेतला.  ऐकणारी आत का, त्याचे कारण तेवढ्यात कार्यालयातून चहाचा कप घेऊन बाहेर आले. सुंदरराव, शाळा समितीचे अध्यक्ष, पन्नास एकरांचे धनी आणि संस्कृतीचे आजोबा. छबुबाईंचे थोरले चिरंजीव तेच.

"काय भामावैनी, सकाळी सकाळीच उपोशन का?"

"अजून उपोषण नाही. आधी निवेदन."

"ह्ये बगा, पोरीनं गप बसून गनित करावं, यवढंच मास्तर म्हनतेत. त्यात जात कुठं आली?"

"जात मी काढली नाही, सुंदरराव. मी पडवी म्हणाले. जात तुम्हाला आठवली."

ते चहाचा घोट घ्यायचे थांबले. मला पुढेही बरेच काही बोलायचे होते, आणि ते मी बोलले. पडवीत बसवलेल्या मुलीला फळा दिसतो का, हे एकदा तरी येथे बसून पाहिलेत का, असे सरांना विचारले. ज्या गावाने एक पडवी पुसायला तीन पिढ्या घेतल्या, त्याने ती एका तासात पुन्हा मांडली, असेही म्हणाले. आमच्या घरात भागाकार बोलूनच होतो. ती आमची रीत आहे, आणि ती मोडण्याचा अधिकार कोणालाही नाही, हेही ऐकवले.

"ठीक आहे," सर शेवटी म्हणाले. "माझ्या मनात तसं काही नव्हतं, बाई. पण वर्ग मला चालवायचाय. एकच गणित देतो. आरोहीनं गप राहून सोडवलं, तर तिची जागा आत, आजपासून. नाही आलं, तर तुम्हीच सांगा मी काय करू."

अट मला मान्य नव्हती. जिला बोलल्याशिवाय येत नाही तिला गप बसवून परीक्षा घेणे, हे माशाला झाडावर चढवण्यासारखे आहे. पण आरोही उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आज्जी, चल आत."

आम्ही आत गेलो. सुंदरराव दारात उभे राहिले. सरांनी फळ्यावर गणित लिहिले: ९.३६ भागिले ४. सगळ्यांनी वहीत करायचे. कोणीही बोलायचे नाही.

मी आरोहीच्या ओठांकडे पाहत होते. ते हलले नाहीत. पेन्सिल सरळ खाली उतरत गेली. नवात चार दोनदा, उरला एक, टिंब वर, तीन खाली, झाले तेरा, चार त्रिक बारा, सहा खाली, झाले सोळा, चार चोक सोळा, संपले. दोन पूर्णांक चौतीस शतांश. खाली तिने ताळाही करून पाहिला, चाराने परत गुणून. सगळे मुकाट्याने, आणि बाकीच्या वर्गाच्या आधी.

मी इतका वेळ जिच्या रीतीसाठी भांडत होते, तिला त्या रीतीची गरजच नव्हती.

"तुला गप राहून येते?" मी विचारले.

"कवाचंच येतं."

"मग वर्गात का बोलतेस?"

ती खाली बघू लागली. तेवढ्यात पुढच्या बाकापाशी सरांचा आवाज आला.

"संस्कृती, हे काय? दोनशे चौतीस? टिंब कुठे गेलं?"

"कुठलं टिंब, सर?"

वर्ग हसला. मी हसले नाही, आणि आरोहीही हसली नाही. तिने नुसते डोळे मिटून घेतले. तेव्हा मला जे कळले ते सरांना अजून कळायचे होते. मी पुढे होऊन संस्कृतीचा हात धरला.

"ऊठ. फळ्याकडे चालत जा, आणि टिंब दिसले की थांब."

ती निघाली. पहिला बाक मागे पडला, सरांचे टेबल मागे पडले. नाक फळ्याला लागेल इतकी जवळ गेल्यावर ती थांबली.

"हां. हाय की. नवाच्या बाजूला."

 सर हळूच म्हणाले, "दिवाळीपर्यंत हिचे भागाकार बरोबर यायचे. दशांश सुरू झाले तेव्हापासून, आरोहीचं ऐकलं नाही की बिघडतात. मला वाटलं, लक्ष नाही."

आकडे ठसठशीत असतात; ते अंधुक का होईना, दिसत. टिंब दिसत नव्हते. तेवढे टिंब ऐकवण्यासाठी माझी नात रोज अख्खे गणित बोलून दाखवीत होती, आणि त्यापायी गार फरशीवर बसत होती.

"सांगायचं न्हाई म्हनून तिनं शपथ घातलती," आरोही म्हणाली.

"शपथ कशापायी गं?" सुंदरराव दारातून म्हणाले. "डोळ्याचं घरी सांगायचं न्हाई का? आमच्या घराण्यात आजवर कुनाला चष्मा न्हाई."

"म्हनूनच न्हाई सांगितलं, आबा," संस्कृती रडू लागली. "पुन्याच्या दादाला तुमी सगळ्यांपुढं ढापण्या म्हनलात."

मी सुंदररावांकडे वळले. राग उतरला नव्हता, त्याची दिशा बदलली होती. "एका चष्म्याच्या लाजेपायी तुमची नात आंधळी बसली आणि माझी पडवीत. तुमच्या मातोश्रींनी तर याच शाळेत छड्या खाल्ल्या, पण लाज धरली नाही."

"आईच्या तळहाताला वळ व्हता," ते म्हणाले. "इचारलं की म्हनायची, भागाकाराचा हाय. मला वाटायचं, येत नसंल म्हनून मार खाल्ला आसंल."

"येत होता. पडवीतल्या मुलालाही यावा, म्हणून त्या मोठ्याने बोलत होत्या. तो मुलगा माझे सासरे."

सुंदररावांनी चहाचा कप खिडकीत ठेवला.  मग अभिमन्यू सर पडवीत गेले, खाली वाकून बस्कर उचलले, झटकले, घडी करून माझ्या हातात दिले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "चुकलं माझं, बाई." मी म्हणाले, "मला नाही, तिला सांगा." त्यांनी आरोहीला सांगितले. तेव्हाच मी शाळेतून बाहेर पडले.

संस्कृतीला बीडला नेऊन तपासून आणले. चष्मा आला, जाड काचांचा. पुढच्या आठवड्यात ती फळ्यावरचे टिंब तिसऱ्या बाकावरून वाचते, अशी वार्ता आरोहीनेच आणली. आरोही स्वतः आता वर्गात गप असते, आणि सर म्हणतात त्याप्रमाणे, जरा जास्तच गप.

त्याच रविवारी सुंदरराव आमच्या दारी आले. हातात आरोहीसाठी जरीकाठाचा परकर-पोलका होता, भारी किमतीचा.

"पोरीनं माझ्या नातीचं वरीस वाचवलं, वैनी. येवढं घ्या. न्हाई म्हनू नका."

मी त्यांना ओसरीवर बसवले, पाणी दिले, चहा दिला. मग कपड्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर परत ठेवली.

"तुमच्या मातोश्रींनी फळा ऐकवला होता, सुंदरराव, आमच्या मुलीने फळा ऐकवला. उसने पीठ पिठानेच फेडतात, हा त्यांचाच शब्द. हे मी घेतले, तर तुमच्याकडून पुन्हा काही घेतल्यासारखे होईल."

"मंजी आता आमचं काईच येनं न्हाई तुमच्याकडं?"

"नाही," मी म्हणाले. "पूर्ण फिटले."