मेहुण्याचा व्हिजिट व्हिसा

दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडून फोन येतो, तेव्हा पहिली पाच मिनिटं प्रकृतीची असतात, पुढची दोन लग्नकार्यांची आणि शेवटचं अर्धं मिनिट व्हिसाचं. फोन त्या अर्ध्या मिनिटासाठीच केलेला असतो, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. तरी प्रकृती विचारावी लागते. आपण सभ्य माणसं आहोत.

दुबईच्या अल कुसैस भागात एका बेडरूमच्या फ्लॅटात राहणाऱ्या शैलेंद्र जगदाळेला असा फोन २००८ च्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी आला. शैलेंद्र एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होता. इमारत उभी राहण्याआधी तिला किती लोखंड आणि किती सिमेंट लागेल ते सांगायचं, हे त्याचं काम. त्या महिन्यात लोकांनी इमारती उभ्या करायचंच थांबवलं. लोखंड किती लागणार हे आता शाळेतलं पोरही सांगू शकत होतं.

फोनवर महादू होता. शोभनाचा, म्हणजे शैलेंद्रच्या बायकोचा, धाकटा भाऊ. साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर.

"दाजी, आम्हालाबी दोन दिवस दुबई बघू द्या की. व्हिजिट व्हिसा काढा. काम मी शोधतो."

"अरे, तू तर कारखान्यात कायम झालास ना?"

"झालो की. अकरा सीझन काढल्यावर! पण कायम झालं म्हणून पगार काय कायमचा पुरतोय?"

"मग रजा टाकून ये."

"गळीत चालू असताना फिटरला रजा कोण देतंय? राजीनामाच टाकतो. तुम्ही नुसतं हो म्हणा."

वाचकहो, इथे शैलेंद्रने एकच वाक्य बोलायचं होतं. कारण आदल्याच दिवशी, गुरुवारी, कंपनीतल्या एचआरवाल्या राजनने त्याला एक पत्र दिलं होतं. "सॉरी शैलेंद्र भाई, मार्केट खलास," राजन म्हणाला होता. महिन्याची नोटीस होती. महिना संपला की नोकरी संपणार, आणि नोकरीपाठोपाठ साऱ्या कुटुंबाचा रेसिडेन्स व्हिसा. त्यानंतर सामान आवरायला जेमतेम महिनाभर.

पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना. नऊ वर्षं तो सुट्टीत गावी जाताना दूध पावडरचे डबे, बदाम आणि अत्तराच्या बाटल्या घेऊन जात होता, आणि "कसं काय चाललंय?" या प्रश्नाला "झकास" असं उत्तर देत होता. नऊ वर्षांचं झकास एका शुक्रवारी परत कसं घ्यायचं?

"कागद पाठव," शैलेंद्र म्हणाला.

फोन ठेवल्यावर शोभना स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"सांगितलं नाहीत?"

"तुझा भाऊ आहे. तू सांग."

"मी नाही सांगायची. आईला घोर लागेल. आणि माझ्या माहेरचं पहिलंच माणूस मागतंय. तुमच्या चुलतभावाला आणलंत, तेव्हा नाही म्हणालात का?"

"तेव्हा नोकऱ्या होत्या, शोभना."

"मग आता नाहीत, असं सांगा."

"तू सांग."

त्यांची आठ वर्षांची मुलगी ओवी टीव्हीसमोरून म्हणाली, "बाबा, जस्ट टेल मामा यू लॉस्ट युवर जॉब. सो सिंपल."

"ओवी, होमवर्क कर."

"होमवर्क इज डन."

घरातलं एकमेव शहाणं माणूस अशा रीतीने गप्प करण्यात आलं.

रविवारी शैलेंद्र पुन्हा राजनच्या टेबलापाशी गेला. "सॅलरी सर्टिफिकेट चाहिए."

"बँक के लिए?"

"साले का विज़िट व्हिसा निकालना है."

घर जळत असताना माणूस पाहुण्यांना जेवायला बोलवू लागला, तर त्याच्याकडे जसं बघावं, तसं राजनने बघितलं. मग त्याने शिक्का मारला. दाखला खोटा नव्हता. शैलेंद्रला त्या दिवशी पगार होता. फक्त पुढच्या महिन्यानंतर नव्हता, आणि ते लिहायला दाखल्यात जागा नसते.

अर्ज अरबीत टाइप करून घ्यावा लागे. त्यासाठी शैलेंद्र गल्लीतल्या टायपिंग सेंटरवर गेला. तिथे बदरुद्दीन बसायचे. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, खेडजवळचे. चौदा वर्षं हेच काम. मराठी माणूस दिसला की त्यांचा चहा आपोआप दोन कप व्हायचा.

"बसा साहेब. पाहुण्याचा पासपोर्ट? सहा महिने तरी शिल्लक पाहिजेत. आहेत. फोटो पांढऱ्या पडद्यापुढचा हवा. गेल्या आठवड्यात एकाने गणपतीच्या मखरातला आणला होता. तुमच्या पासपोर्टची कॉपी, रेसिडेन्सच्या पानाची कॉपी, भाडेकरार... नातं काय?"

"बायकोचा भाऊ."

बदरुद्दीनने शोभनाच्या पासपोर्टची कॉपी महादूच्या पासपोर्टशेजारी ठेवली. दोन्हीकडे बापाचं नाव एकच. "झालं नातं. इन्शुरन्स मी काढून देतो. डिपॉझिट हजार दिरहम, म्हणजे आपले तेरा हजार. पाहुणा मुदतीत परत गेला की परत मिळतात. आणि मुदत तीस दिवस म्हणजे तीसच. आधी लोक समुद्रापलीकडच्या बेटावर जाऊन नवा शिक्का मारून यायचे. ऑगस्टपासून ते सगळं खलास."

बोलता बोलता ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमधले कागद एकेक उलटत होते. एका कागदावर त्यांचा हात थांबला. त्यांनी तो वाचला. चौदा वर्षं लोकांचे कागद वाचणाऱ्याला न वाचता कागद ठेवता येत नाही.

"हा अर्जाला लागत नाही," ते म्हणाले.

ते नोटिशीचं पत्र होतं.

"चुकून आला," शैलेंद्र म्हणाला.

"पाहुणा काय करतो गावाला?"

"साखर कारखान्यात फिटर आहे. कायम."

"राजीनामा दिलाय?"

"व्हिसा हातात आला की देणार."

बदरुद्दीनने चहाचा कप शैलेंद्रकडे सरकवला. "साहेब, फॉर्मवर खोटं लिहिणारे रोज येतात. कामाला येणारा लिहितो, भावाला भेटायला आलो. मी टाइप करतो, माझंही पोट आहे. पण तुम्ही नवीनच प्रकार दिसता. तुमचा सगळा फॉर्म खरा, आणि घरी सांगितलेलं खोटं!"

"मी खोटं काही बोललो नाही. फक्त..."

"फक्त गप्प बसलात. माणूस गप्प बसला की गावाकडे त्याचा अर्थ 'ये' असा होतो."

"तो येईल, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, समजेल त्याला."

"एवढं समजायला माणसाने कायमची नोकरी सोडायची? फोनवर नाही समजणार? हा घ्या माझा फोन. लावा आत्ता. म्हणा, महादू, माझी नोकरी गेलीय, इथे काम नाही, येऊ नको. तीन वाक्यं. पैसे माझे."

शैलेंद्रने फोनकडे बघितलं. हात पुढेही केला. मग म्हणाला, "घरून करतो. इथे गर्दी आहे."

सेंटरमध्ये ते दोघंच होते.

घरून त्याने फोन केला नाही. चार दिवसांत व्हिसा आला. सरकारी यंत्रणेने आपलं काम चोख केलं. जी एक चौकशी व्हायला हवी होती, ती घरातल्याच कोणीतरी करायची असते. महादूने राजीनामा दिला. कारखान्याने शाल-नारळ देऊन सत्कार केला. फोटो काढला. फोटोत सगळे हसत होते.

डिसेंबरच्या अखेरीला महादू आला. येताना लसणाची चटणी, आईने केलेले लाडू आणि कारखान्याच्या अनुभवाचा लॅमिनेट केलेला दाखला घेऊन आला. पहिल्याच दिवशी शेजारच्या शारजा आणि अजमानमधली आठ वर्कशॉप फिरला आणि खुशीत घरी आला.

"दाजी, आठही जण 'इन्शाल्ला' म्हणाले! चार-पाच ठिकाणी तरी नक्की होणार."

या शब्दाचा त्या हिवाळ्यातला अर्थ 'नाही' असा होता, हे त्याला कोणी सांगितलं नाही. शोभनाने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

जानेवारी उजाडला. शैलेंद्रची नोकरी संपली. तरी तो रोज सकाळी सातला टाय बांधून, बॅग घेऊन निघे. शोभना त्याला डबाही देई. महादू सव्वासातला निघे. दोन बेकार माणसं पंधरा मिनिटांच्या अंतराने एकाच घरातून बाहेर पडत, आणि त्यांतल्या एकालाच ते माहीत होतं.

एकोणिसाव्या दिवशी महादूला कळलं, की शारजाच्या औद्योगिक भागात एक कंपनी मेंटेनन्सची माणसं घेतेय, फिटरपासून सुपरवायझरपर्यंत. तो पोचला तेव्हा गेटपासून कोपऱ्यापर्यंत रांग होती. तो मागे उभा राहिला. पंधरावीस माणसांपलीकडे एक ओळखीचा टाय दिसला.

"दाजी!" महादू रांग सोडून धावला. त्याच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! "तुम्ही? माझ्यासाठी ओळख काढायला आलात व्हय? ऑफिस सोडून?"

आणि शैलेंद्रच्या तोंडून "हो" निघून गेलं!

तेवढ्यात रांग सांभाळणारा वॉचमन आला. "भाईसाब, टोकन एकसष्ट आपका है ना? बायोडाटा ऊपर रखिए." मग महादूकडे वळून म्हणाला, "आप पीछे जाइए. इनके साथ नहीं घुस सकते. ये भी लाइन में ही हैं."

महादूने दाजींच्या हातातलं टोकन बघितलं. मग बॅगेतून अर्धवट बाहेर आलेला बायोडाटा बघितला. त्यावर पांढऱ्या पडद्यापुढे काढलेला दाजींचा फोटो होता.

टोकन चाळीसपर्यंत आल्यावर आतून निरोप आला, की जागा भरल्या. रांग आपोआप विरली. कोणी ओरडलंसुद्धा नाही. दोघं जवळच्या कॅफेटेरियात जाऊन बसले. चहा आला.

"कधीपासून?" महादूने विचारलं.

"तुझा फोन आला ना, त्याच्या आदल्या दिवशी पत्र मिळालं."

महादू चिडला असता तर शैलेंद्रला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. हिशेब तपासावा तशा आवाजात म्हणाला, "दाजी, तुम्ही त्या दिवशी 'येऊ नको' म्हणाला असता, तर मी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या. आठ दिवस. ताईशीपण बोललो नसतो. पण फिटर राहिलो असतो."

शैलेंद्रने हातातलं टोकन चहाच्या बशीखाली सरकवलं.

तेवढ्यात महादूचा मोबाइल वाजला. गावाकडून धनंजय बोलत होता. कारखान्यातला महादूचा हाताखालचा माणूस, अजून सीझनवरच. आवाज एवढा मोठा की टेबलापलीकडे ऐकू येत होता. "काय महादूभाऊ, लागलं का काम? दाजींना सांगून आमचाबी व्हिसा काढा की!"

महादूने दाजींकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. आणि म्हणाला, "झकास चाललंय रे. बघू, विचारतो दाजींना."

एकोणीस दिवस! शैलेंद्रला हे बोलायला निदान पहिली सुट्टी उजाडावी लागली होती. त्याने महादूच्या हातातून फोन ओढून घेतला.

"धनंजय, शैलेंद्र बोलतोय. ऐक. माझी नोकरी गेलीय. महादूला काम मिळालेलं नाही, मिळणारही नाही. आम्ही दोघं आत्ता एकाच रांगेतून उठून आलोय. आहे ते काम सोडू नको. येऊ नको!"

नऊ वर्षांत पहिल्यांदा तो गावाशी खरं बोलला होता.

"दाजी," धनंजय म्हणाला, "सख्ख्या मेव्हण्याला बोलावून घेतलंत. आणि आमची वेळ आली की मंदी व्हय?"

फोन कट झाला.

महादू अठ्ठाविसाव्या दिवशी परत गेला. महिनाअखेरीला शैलेंद्रचं कुटुंबही गावी परतलं. बदरुद्दीनने त्यांचे व्हिसा कॅन्सलेशनचे कागद टाइप करून दिले आणि टायपिंगचे पैसे घेतले नाहीत. बोलले काही नाहीत. बोलण्यासारखं ते आधीच बोलून बसले होते.

धनंजय दुबईला गेला नाही. पण त्यात शैलेंद्रच्या खऱ्या बोलण्याचं श्रेय काही नाही. महादूची फिटरची जागा रिकामी झाली होती, ती धनंजयला मिळाली. महादू आता त्याच कारखान्यात, धनंजयच्या हाताखाली, रोजंदारीवर आहे. पुन्हा कायम व्हायला किती सीझन लागतील, ते कोणी सांगत नाही. दुबईचं कोणी विचारलं, की तो घडलं ते जसंच्या तसं सांगतो. लोक मन लावून ऐकतात, हळहळतात, आणि शेवटी त्याच्याकडे दाजींचा नंबर मागतात.

बंधुभगिनींनो, परदेशात तुमचं बरं चाललं नसेल, तर तसं घरी सांगा. पत्र हातात पडेल त्या दिवशीच सांगा. चार दिवस शिव्या खाव्या लागतील, आणि लोक तुमच्यावर विश्वास ठेवतील याचीही खात्री नाही. शैलेंद्रचा फोन हल्ली रोज वाजतो. तो प्रत्येक फोन उचलतो, समोरच्याला प्रकृतीवर येऊच देत नाही, आणि पहिलंच वाक्य खरं बोलतो: मीच परत आलोय, तिथे काम नाही, जाऊ नको. अजून एकानेही त्याचं ऐकलेलं नाही. तरी तो बोलतो. कारण न ऐकणं ही त्यांची चूक आहे. न सांगणं ही त्याची होती.