मी अडकलो नव्हतो

सांगितलं तेवढं फिरायचं, एवढंच मला येतं. पण आज बोलणार आहे. मी कॅमेऱ्याचा फिरता स्टँड. रॉकेटच्या चाचण्या होतात त्या मैदानावर मला रोवलं होतं. रॉकेट उडालं की कॅमेरा त्याच्यावर रोखून धरायचा, हे माझं काम.

माझी देखभाल मिस्त्रींकडे. रोज सकाळी मला पुसायचे, "काय महाराज, मान मोकळी आहे ना?" असं विचारायचे. दुसरं कुणी माझ्याशी कधी बोललं नाही.

मी किती वेगानं फिरायचं, हा हिशेब मैदानावरच्या इंजिनिअर साहेबांचा. रॉकेट माझ्यापासून तीनशे मीटरवरून सरळ वर उडणार, चारशे मीटर उंचीवर त्याचा वेग सेकंदाला साठ मीटर. माझ्या कोनाचा टॅन म्हणजे उंची भागिले अंतर. दोन्ही बाजूंचं अवकलन केलं की कोन किती झपाट्यानं वाढतो ते कळतं: साठ भागिले तीनशे, गुणिले कोसाइनचा वर्ग. उत्तर आलं ०.०७२. गणित बरोबर होतं. पण असं उत्तर येतं रेडियनमध्ये, आणि माझ्या मोटरला कळतात अंश. कुठल्या उंचीला मी किती वेगानं फिरायचं, तो अख्खा तक्ता साहेबांनी तसाच रेडियनमध्ये भरला. त्या उंचीला सेकंदाला चार अंशांहून जास्त फिरायला हवं होतं. मला सांगितला अंशाचा जेमतेम चौदावा भाग.

"एकदा फिरवून बघू या का, साहेब?" मिस्त्रींनी विचारलं.

"आकडे मी काढलेत," साहेब म्हणाले. विषय संपला.

रॉकेट वर गेलं आणि फुटलं. का फुटलं ते टिपायलाच मी होतो. मी मात्र मुंगीच्या पावलानं सरकत रिकामं आकाश दाखवत बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेब एकटेच आले. तक्ता बघून त्यांचा चेहरा पडला. सगळे आकडे त्यांनी अंशांत करून भरले, जुने पुसले आणि अहवाल लिहिला: स्टँड अडकला, देखभालीत हयगय. पुढे त्यांना बढती मिळाली. मला त्यांची चीड येते, अजूनही.

मिस्त्रींना घरी बसवलं. जाताना त्यांनी माझी मान हातानं फिरवली. ती अलगद फिरली.

"त्या दिवशी तेल घालायचं राहिलं असेल रे माझ्याकडून," ते म्हणाले. "हल्ली आठवतच नाही काही."

आता मी गोदामात आहे. येणारेजाणारे माझ्यावर कोट टांगतात. टांगू देत. पण मिस्त्री तुम्हाला कुठे भेटले, तर त्यांना एवढं सांगा: त्या सकाळी तुम्ही दोनदा तेल घातलं होतं.