कडुनिंबाखालचा रविवार

सूर उमटण्याआधी पेटी एक श्वास घेते. भाता उघडतो, त्याच्या घड्यांतून जुन्या धुळीचा आणि उन्हाळलेल्या लाकडाचा मंद वास बाहेर पडतो, आणि मग, बोलावे की न बोलावे अशा संकोचात क्षणभर थबकून, पहिला स्वर हवेत येतो. सलोमीबाईंचा चेहरा मला आधी आठवत नाही; स्वरापूर्वीचा तो श्वास आठवतो. त्यांचे सारे अस्तित्व त्या अर्ध्या क्षणात मावलेले होते, असे आता वाटते.

अकोटच्या अलीकडे, कापसाच्या गाड्यांनी खडबडीत झालेल्या रस्त्याला लागून आमचे गाव, आणि गावाच्या उगवतीला काळ्या दगडांचे आमचे प्रार्थनामंदिर. मी अमरावतीला महाविद्यालयात शिकवीत असे आणि शनिवारच्या संध्याकाळी एसटीने गावी परतत असे. रविवारी सकाळी डावीकडच्या खिडकीजवळचा बाक माझा. तिथून वेदीही दिसे आणि फाटकाबाहेरचा कडुनिंबही. हिवाळ्यात जिनिंगच्या कारखान्याकडून उडून आलेला कापसाचा तंतू खिडकीच्या गजांना चिकटून थरथरत राही, आणि रंगीत काचेतून उतरलेला निळा प्रकाश पेटीवरच्या सलोमीबाईंच्या मनगटावर एखाद्या बांगडीसारखा पडे. पदर डोक्यावरून ढळू नये म्हणून त्या तो केसांत सेफ्टीपिनने अडकवीत. त्यांचा आवाज गोड नव्हता. तो उन्हात वाळलेल्या तुरीच्या शेंगेसारखा होता, कोरडा आणि आत दाणा असलेला. मंडळीतली चार पोरे-सोरे सोडली तर सारे गाणे त्या एका आवाजाच्या काठाकाठाने चाले.

त्यांच्या उजव्या हाताला तबल्यावर सामुएल बसे. रविवारच्या शब्बाथ शाळेत त्याला बोटावर ताल मोजायला सलोमीबाईंनीच शिकवले होते. मोठेपणी तो जवळच्या खेड्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत मास्तर झाला. अनुदान येईल, मग पगार सुरू होईल, या आशेवर त्याची तारुण्याची वर्षे सरकत गेली. ती वर्षेच तशी होती. बोंडे हिरवी दिसत आणि आतून किडलेली निघत; माणसेही तशीच. घराघरांतल्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीशेजारी, फवारणीच्या औषधाची बाटली उभी असे, आणि तिच्याकडे कोणी निराळ्या नजरेने पाहत नसे. शाळेला सुटी लागल्यावर एका दुपारी सामुएलने त्या बाटलीकडे निराळ्या नजरेने पाहिले.

आमच्याकडे एक रीत आहे. शवपेटी घरातून निघाली की खांदेकरी ती फाटकासमोर, कडुनिंबाच्या सावलीत, क्षणभर खाली टेकवतात. मंदिराची घंटा वाजू लागते, मग ती उचलून आत नेतात. जणू देवाचे घर माणसाला ओळखते आणि ‘या’ म्हणते. सामुएलची शवपेटीही तशीच टेकवली गेली. खांदेकरी मान वर करून थांबले. पाने हलली, एक कावळा उडाला, दूर कुठेतरी इंजिन सुरू झाले. घंटा वाजली नाही. पाळकसाहेब पायरीवर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कठोरपणा नव्हता, फक्त फार जुना थकवा होता. "मंडळीचे नियम मी केलेले नाहीत, बाई," ते सलोमीबाईंना हळू आवाजात म्हणाले. "स्वतःचा जीव घेतलेल्याला आत आणता येत नाही. मी आणलं तर उद्या पंच मलाच विचारतील." सलोमीबाई पेटी उघडून आत बसलेल्या होत्या, त्या दारापर्यंत आल्या होत्या. त्या परत आत गेल्या, पेटीचा भाता मिटवला, वर कापड घातले, पायरीवरच्या चपला पायांत सरकवल्या आणि शवपेटीच्या मागोमाग चालू लागल्या.

त्या दिवसानंतर त्या मंदिरात गेल्या नाहीत.

गेल्या नाहीत, हे खरे. पण दुसरीकडे कुठेही गेल्या नाहीत, हेही तितकेच खरे. दर रविवारी पांढरे पातळ नेसून, हातात पवित्र शास्त्र घेऊन त्या येत आणि कडुनिंबाखाली, जिथे ती शवपेटी टेकली होती तिथेच, एक गोणपाट अंथरून बसत. आत गायन सुरू झाले की बाहेर त्याही गात. आता आत कॅसिओचा की-बोर्ड आला होता, आणि ताल त्या यंत्रातूनच निघे. "त्या डब्ब्यातला तबलजी कधी चुकत नाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "म्हनून मले त्याची कीव येते." त्यांचा स्वर खिडकीतून आत येई, पण किंचित उशिरा, एखाद्या प्रतिध्वनीसारखा, आणि सारी मंडळी शब्द संपवून खाली बसली तरी एक ओळ बाहेरून अजून येतच राही. पंचांपैकी कोणी तरी खिडकी लावून घ्यायला उठे, आणि उन्हाळा असल्याने पुन्हा उघडावी लागे.

रस्त्यापलीकडे रहीमचाचांचे पिंजाऱ्याचे दुकान होते. रविवारी सकाळी ते गादीचा कापूस पिंजणे थांबवीत, कारण पिंजणीच्या तांतीच्या टणत्कारात बाईंचे गाणे बुडते, असे त्यांचे म्हणणे. गाणे संपले की पलीकडून हाक येई, "काय बाई, दारातच राखणदारी करून राहिल्या! आत कोनी चोर हाय काय?"

"आत सगळे सावच हायत, चाचा," सलोमीबाई म्हणत. "म्हनून त मी बाहेर."

दोघेही हसत. पण हसून झाल्यावर सलोमीबाईंची नजर फाटकातून आत, वेदीच्या दिशेने जाई आणि तिथेच राही. कारण महिन्याच्या पहिल्या रविवारी आत प्रभुभोजन असे. पावाचे चौकोनी तुकडे पितळी ताटातून रांगेने फिरत, द्राक्षरसाचे इवले पेले किणकिणत, आणि तो किणकिणाट ऐकू आला की सलोमीबाई गाणे थांबवीत. त्यांचे ओठ मिटत. हात मांडीवर उताणे पडत, काही घेण्यासाठी पुढे केलेल्या हातांसारखे. रोजची प्रार्थना त्यांना एकटीने करता येई, शास्त्र एकटीने वाचता येई, गाता येई. पण तो तुकडा एकटीला घेता येत नव्हता. तो कोणाच्या तरी हातून मिळावा लागतो. श्रद्धा त्यांनी बरोबर बाहेर आणली होती, भाकर मात्र आत राहिली होती, आणि या अंतराने त्या झिजत होत्या. एवढे मला त्या खिडकीतून स्पष्ट दिसत असे.

एकदा धीर करून मी विचारले होते, तुम्हाला राग आहे का. त्यांनी गोणपाटावर पडलेली निंबाची वाळकी काडी उचलली, तिचे दोन तुकडे केले.

"राग नाई आला वो मले. पाय उचलत नाई, एवढंच. प्रभू आत हाय, मले ठाऊक हाय. पन त्या दिशी तो बी माह्यासंगं बाहेरच उभा होता, असं मले वाट्टे. आता त्याले सोडून कशी जाऊ?" मग थोडे थांबून, "अन् खरं सांगू? भूक लागते बाई. लय भूक लागते."

नवल याचे वाटे, की सामुएलची आई, एस्तेरबाई, कधी बाहेर बसली नाही. ज्या मंदिराने तिच्या मुलाला दारातून परत पाठवले, त्याच मंदिरात ती दर रविवारी सर्वांआधी येई, तिसऱ्या बाकावर बसे, ताटातला तुकडा घेई. गावाने तिला आत जाण्यासाठी नावे ठेवली, आणि सलोमीबाईंना बाहेर बसण्यासाठी. सलोमीबाईंनी एस्तेरला कधी काही म्हटले नाही. एस्तेर येता-जाता कडुनिंबाकडे बघत नसे. दोन जुन्या शेजारणींमध्ये ते झाड एखाद्या न बोललेल्या शब्दासारखे उभे होते.

मग एका चैत्रात, निंब मोहरला होता. त्याची बारीक पांढरी फुले सकाळभर खाली झिरपत होती, आणि कडवट-गोड वास दुपारच्या झळांच्या आधी शेवटचा गारवा धरून होता. पहिला रविवार होता. उपासना संपली, मंडळी पांगली, मी नेहमीसारखी सलोमीबाईंजवळ जाऊन उभी राहिले. एस्तेरबाई फाटकातून बाहेर पडली, चार पावले पुढे गेली, थांबली आणि वळून झाडाखाली आली. तिची उजवी मूठ आवळलेली होती.

"काहून वो सलोमी," ती म्हणाली, "माह्या पोराच्या नावानं तू कितीक दिस उपाशी बसतं?"

"तुह्या पोराच्या नावानं नाई, एस्तेर. माह्याच नावानं."

"मंग मी आत जातो, ते काय सामूले इसरून जातो? मले मंडळी पायजे, बाई. घरी भिंती हायत, त्याहिले बोलता येत नाई. तिथं कोनी एस्तेर म्हनून हाक त मारते."

"मी कधी तुले जाऊ नको म्हनलं?"

"म्हनत नाई. पन तू अठी बसतं, अन् तिकडे मले पाठीत टोचते."

पलीकडे रहीमचाचांनी तांतीवर हात ठेवला आणि उचलला. मग एस्तेरबाईने मूठ उघडली. तळव्यावर पावाचा चौकोनी तुकडा होता, घामाने ओलसर झालेला, कडा दबलेला. ताटातून घेतला होता, तोंडात घातला नव्हता. तिने तो मोडला. एक अर्धा पुढे केला.

"घे."

"पाळकसायबानं पाह्यलं त?"

"पाहू दे."

सलोमीबाईंनी आधी पदर सावरला, केसांतली पिन चाचपून पाहिली, जशा त्या पेटीवर बसण्याआधी पाहत. मग हात पुढे केला. त्यांनी तुकडा घेण्याआधी एक श्वास घेतला, आणि मला वाटले, आता स्वर येईल. स्वर आला नाही. दोघींनी अर्धा-अर्धा तुकडा खाल्ला. वरून निंबाची फुले पडत होती. एक एस्तेरबाईच्या उघड्या तळव्यावर पडले, आणि तिने ते झटकले नाही.

त्यानंतर काही बदलले, असे म्हणता येणार नाही. नियम तसेच राहिले. पाळकसाहेबांची बदली झाली, दुसरे आले. कॅसिओचा ताल चुकला नाही. कापसाचा भाव पडत राहिला, आणि त्या वर्षांत आणखी दोन-तीन घरांसमोर लोक मान खाली घालून उभे राहिले. एस्तेर आत जात राहिली, सलोमीबाई बाहेर बसत राहिल्या, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी एक आवळलेली मूठ फाटकातून बाहेर येत राहिली. सर्वांना ते दिसत होते. कोणी पाहिले नाही. या न पाहण्यात दया होती की नुसता कंटाळा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

सलोमीबाई एका हिवाळ्यात गेल्या, साध्या तापाने, कापूस वेचणीच्या दिवसांत. शवपेटी कडुनिंबाखाली टेकवली, आणि खांदेकऱ्यांचा श्वास सरळ होण्याआधीच घंटा वाजू लागली. मोठ्या, मोकळ्या आवाजात. त्यांना आत नेले, वेदीसमोर ठेवले. नव्या पाळकसाहेबांनी त्यांना मंडळीची निष्ठावंत लेक म्हटले. इतकी वर्षे जो पाय उचलत नव्हता, तो आता दुसऱ्यांच्या खांद्यांवरून आत आला होता, आणि हरकत घ्यायला त्यांच्याजवळ आवाज उरला नव्हता. कोपऱ्यात त्यांची पेटी होती, कापडाखाली, भाता मिटलेली. यंत्राने ताल धरला. मी तिसऱ्या बाकाकडे पाहिले. एस्तेरबाईची जागा रिकामी होती. मग खिडकीतून बाहेर पाहिले.

ती कडुनिंबाखाली बसली होती. गोणपाट नव्हते, तशीच, मातीवर.

दफनानंतर परतताना मी तिच्याजवळ गेले. आत का आला नाहीत, एवढेच विचारले. तिने पदराने तोंड पुसले.

"आज बाहेर कोनीच नव्हतं वो बाई," ती म्हणाली. "कोनी तरी पायजे ना."

पुढच्या रविवारी ती पुन्हा तिसऱ्या बाकावर होती. झाडाखाली आता कोणी बसत नाही. गोणपाटाच्या घर्षणाने गुळगुळीत झालेला मातीचा तुकडा पावसाळ्यांनी पुन्हा ओबडधोबड केला आहे, आणि रहीमचाचा रविवारीही कापूस पिंजतात. तरी आतले गायन संपून मंडळी खाली बसली की मी नकळत थांबते, उशिरा येणाऱ्या त्या एका ओळीसाठी. काळ साऱ्यांना पुढे घेऊन जातो असे म्हणतात; माझ्या स्मरणात मात्र तो अजून त्या फाटकाशी, खांद्यावरचे ओझे सावलीत टेकवून, न वाजलेल्या एका घंटेकडे कान लावून उभा आहे.