सातव्या गुणसूत्राच्या आसपास

तीन वर्षं मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत उंदरांची लग्नं लावतेय. गावात कुणी विचारलं की आई "संशोधन करती" म्हणते आणि विषय बदलते.

आमच्याकडच्या एका जातीत पिल्लं जन्मतात धडधाकट, आणि महिन्याभरात मागचे पाय ओढायला लागतात. हा दोष कुठल्या गुणसूत्रावर आहे, ते मला शोधायचं होतं. जोड्या लावून बाराशे पिल्लं तपासली. लुळी पिल्लं बहुतेक पांढरीच निघत. पांढऱ्या रंगाचा जीन सातव्या गुणसूत्रावर असतो, म्हणजे आमचा दोषही तिथंच, त्याच्या शेजारी. त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले. मला सूरज आठवत होता.

सूरज माझा भाऊ, बावीस वर्षांचा. दहाव्या वर्षी त्याचे पाय असेच गेले. डॉक्टरांनी खूप तपासण्या केल्या, कारण सापडलं नाही. आमची आई म्हणजे वडिलांच्या, अण्णांच्या, सख्ख्या मामाची मुलगी. आणि आता धाकट्या बहिणीचं, शितलचं, आत्याच्या मुलाशी, विक्रमशी लग्न ठरत होतं. पुन्हा मामाचीच पोरगी! माझं डोकंच फिरलं. सकाळच्या एसटीनं मी मांडवगण फराट्याला आले.

सोप्यात अण्णा आणि दौंडहून आलेली आत्या बसली होती. सूरज खाटेवर होता. मी सरळ सांगितलं, "हे लग्न नको. दोष दोन्हीकडनं आला तर पोर लुळं हुतं."

"शितलमधी हाय का त्यो?" अण्णांनी विचारलं. "रगत तपासून सांग."

"अजून तशी तपासणी न्हाई, अण्णा. उंदरात नुसतं गाव घावलंय, घर न्हाई. माणसात तर गावबी न्हाई."

"म्हंजी तुला ठावं न्हाई."

"न्हाई."

एवढं शिकून मी तोंडावर आपटले.

"सूरजला मी दवाखान्यासाठी दोन वर्सं माझ्याकडं ठिवला," आत्या म्हणाली. "तुमच्यामागं त्याला कोण बघंल? परक्या घरात गेलेली भन त्याला संगं न्हील व्हय?"

यात आत्याचं काय चुकलं होतं? तिच्यावर रागावताही येईना. शितल चहा घेऊन दारातच थांबली होती.

तेवढ्यात सूरज म्हणाला, "ताई, माझ्यासारखं पोर हुईल म्हणून भितीयास व्हय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं उत्तर "व्हय" होतं. बाराशे पिल्लं तपासून मी तेवढंच तर शिकले होते. नोंद झाली की लुळी पिल्लं आम्ही ठेवत नाही, हे त्याला माहीत होतं. मीच एकदा कौतुकानं प्रयोगशाळेच्या गोष्टी सांगताना बोलून गेले होते.

"न्हाई रं," मी म्हणाले.

अण्णांनी सुस्कारा सोडला. आत्या उठली आणि तिनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, माझ्याही.

"मग खा की," सूरज म्हणाला.

तो बघत होता. मी खाल्ली.