काळे करकोचे

अब्रू जायची तर ती चारचौघांतच जाते. भट्टी उघडली तेव्हा सगळं गाव जमलं होतं.

मांसोकच्या सुरया बाहेर आल्या. हिरवी झिलई अशी उतरली होती की नजर हटू नये. पण तिच्याखाली ढगांतून उडणारे करकोचे काळेकुट्ट निघाले होते. चोच आणि पाय तेवढे पांढरे.

"करकोचे कसले, कावळे म्हणा!" मागून कुणीतरी हाणलं. "पाठवा राजवाड्यात, काव काव करतील!" लोक खो खो हसले.

कोरलेल्या खाचांत माती भरण्यात ताम्जिनच्या खाडीवर मांसोकचा हात धरणारा कुणी नव्हता. पांढरी माती भट्टीत पांढरीच राहते आणि तांबडी काळी होते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण दोन हिवाळे झाले, त्याच्या डोळ्यांसमोर धुकं साचलं होतं. ओल्या मातीचे दोन्ही रंग त्याला सारखेच दिसत. कोरायचं काम बोटं करत. माती त्याचा जोडीदार ओक्दोल कालवून ठेवी, पांढरीची वाटी डावीकडे, तांबडीची उजवीकडे. ही ओक्दोलची सवयच आहे, असं मांसोक धरून चालला होता. हे करकोचे भरायच्या दिवशी मात्र उजेडासाठी तो चौरंगाच्या पलीकडे जाऊन बसला आणि वाट्या होत्या तिथेच राहिल्या.

"कुणाचे हे उद्योग?" भट्टीचे अधिकारी गरजले.

डोळे गेले हे कळलं की कारागिराची जागा गेली. मग डोंगरावरून भट्टीची लाकडं वाहायची, मरेपर्यंत.

"माझे, सरकार." ओक्दोल पुढे झाला. "वाट्या मीच उलट्या ठेवल्या. आदल्या दिवशी जरा जास्त झाली होती."

"आणि तुझे डोळे काय झोपले होते?" अधिकाऱ्यांनी मांसोकला विचारलं.

"त्याला कुठं सवड, सरकार! त्याची नजर खाचेवर. वाट्यांकडं तो बघतच नाही," ओक्दोलच बोलला.

"खरं का रे?"

मांसोकने होकारार्थी मान हलवली. इतक्या हळू मान त्याने जन्मात कधी हलवली नव्हती.

ज्याची चूक त्यानेच माल फोडायचा, ही भट्टीची रीत. ओक्दोलने लाकडी हातोडा उचलला आणि मांसोकचे करकोचे एकेक करून फोडले. मांसोक जमिनीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ओक्दोल शिक्षा म्हणून लाकडं वाहायला डोंगरावर गेला. त्याच्या जागी माती कालवायला त्याची सून दुक्सुन आली.

"घ्या काका," तिने वाट्या ठेवल्या.

मांसोकने वाटी उचलली. काठावर अंगठ्याला काहीतरी टोचलं. "ही खाच कसली गं?"

दुक्सुनने जीभ चावली. "कुणाला सांगू नका. मामंजींनी पाडलीय, जाण्याआधी. खाचेची ती पांढरी. म्हणाले, तू नवखी, डावी-उजवी विसरलीस तरी त्याच्या बोटांना कळेल."

"म्हणजे डावी-उजवी..."

"दोन हिवाळ्यांपूर्वी तुम्ही तांबडीच्या वाटीत बोट घालून 'पांढरी छान झालीय' म्हणालात ना, तेव्हा ठरवली त्यांनी. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणाले, त्याला वाटतं कुणाला ठाऊक नाही, वाटू दे."

मांसोकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस तो ज्याच्या डोळ्यांनी काम करत होता, त्यालाच त्याने डोंगरावर धाडलं होतं, नुसती मान हलवून.

"काका, माती वाळतेय," दुक्सुन म्हणाली.

"वाळू दे."

तो वाट्या घेऊन उठला. अधिकारी अंगणात बाजरीची पेज पीत बसले होते. मांसोकने दोन्ही वाट्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि गुडघे टेकले.

"सरकार, यातली पांढरी कोणती, तेवढं सांगा," तो म्हणाला. "मला दोन्ही सारख्याच दिसतात. ओक्दोलला खाली बोलवा आणि लाकडं मला द्या."